नवी भरती आणि संघाचे बळ

कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत खेळावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. आम्ही खेळाडू नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि हमालांच्या सभांतून. परंतु भरती, मजुरी, करार आणि बदली हे आमचे रोजचे विषय आहेत, आणि आजचा लीगचा खेळ थोडा जवळून पाहिला तर त्याचा सारा कारभार या चार शब्दांवरच चालतो असे दिसून येते. म्हणून हा विषय आम्ही घेतला.

निमित्त घडले ते असे. संध्याकाळी युनियनच्या कचेरीत काही मुले जमतात आणि मोबाईलवर लुटुपुटूची लीग खेळतात. संघ काल्पनिक, खेळाडू काल्पनिक, सामन्याचा निकाल यंत्र लावते. हंगाम संपला की नवे खेळाडू येतात आणि संघांनी पाळीपाळीने त्यांतून निवड करावयाची असते. मुले याला ड्राफ्ट म्हणतात. त्यांत नियम असा की, जो संघ सर्वांत शेवटी राहिला त्याची निवड पहिली आणि जो अजिंक्य ठरला त्याची शेवटची. एका मुलाने आम्हांला विचारले, "काका, हरणाऱ्याला हे बक्षीस कशाबद्दल?" प्रश्न साधा होता, पण उत्तर चटकन सुचेना. तेव्हा आम्ही कागदाच्या चिठ्ठ्या घेतल्या आणि कबड्डीची एक कागदी लीग मांडली. तीच येथे मांडतो.

आठ संघ धरा. कबड्डीत मैदानावर सात गडी असतात. प्रत्येकाला त्याच्या कसबाप्रमाणे एक ते दहा गुण द्या. सर्वांत बलवान संघाचे गुण १०, ९, ८, ७, ६, ६, ६, बेरीज ५२. सर्वांत दुबळ्या संघाचे ७, ६, ६, ५, ४, ४, ३, बेरीज ३५. दोघांत अंतर १७ गुणांचे. आता नवे आठ खेळाडू आले. त्यांतला उत्तम ८ गुणांचा आणि शेवटचा ५ गुणांचा आहे.

दुबळ्याने आधी निवड केली तर ८ गुणांचा मुलगा त्याच्याकडे जाईल आणि ३ गुणांचा गडी बाकावर बसेल. संघ ५ गुणांनी वाढला, बेरीज ४० झाली. बलवान संघाच्या वाट्याला ५ गुणांचा आला. त्याचा सर्वांत कच्चा गडीच ६ गुणांचा असल्याने नव्याला जागाच नाही. त्याची बेरीज ५२ राहिली. अंतर १७ चे १२ झाले.

क्रम उलटा करा. ८ गुणांचा मुलगा बलवान संघात गेला आणि ६ गुणांच्या जागी उभा राहिला. वाढ फक्त दोन गुणांची, बेरीज ५४. दुबळ्याला ५ गुणांचा मिळाला, तो ३ च्या जागी आला. वाढ दोनच, बेरीज ३७. अंतर पुन्हा १७.

यातून एक गोष्ट ध्यानात यावी. नवा खेळाडू स्वतः किती मोठा, यावर संघाचे बळ वाढत नाही. तो कोणाच्या जागी उभा राहतो, त्या दोघांतल्या फरकाने ते वाढते. तोच मुलगा एके ठिकाणी पाच गुणांची भर घालतो आणि दुसऱ्या ठिकाणी दोनच गुणांची. ज्या संघाकडे तीन चांगले चढाईपटू आहेत, त्याने चौथा घेऊन फारसे काही साधत नाही. त्याला डावा कोपरा सांभाळणारा हवा असतो. तेव्हा दुबळ्याला पहिली निवड देणे हे हरण्याचे बक्षीस नव्हे. जेथे भर सर्वांत अधिक पडेल तेथे माणूस पाठवण्याची ती रीत आहे. सामने चुरशीचे झाले तरच प्रेक्षक येतात, आणि प्रेक्षक आले तरच बलवान संघाचेही पोट भरते.

ही रीत अमेरिकेत जन्मली. तिकडचा फुटबॉल आपल्या फुटबॉलहून निराळा. त्यात चेंडू हाती घेऊन धावतात. १९३५ च्या हंगामात फिलाडेल्फिया ईगल्स या संघाने ११ पैकी अवघे २ सामने जिंकले. त्याचे मालक बर्ट बेल यांनी सुचवले की, महाविद्यालयांतून बाहेर पडणारे खेळाडू उलट्या क्रमाने वाटून घ्यावेत. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी पहिला ड्राफ्ट झाला. ९ संघांनी ९ फेऱ्यांत ८१ खेळाडू निवडले. पहिली निवड अर्थातच ईगल्सची होती. त्यांनी जे बर्वँगर या नामांकित खेळाडूचे नाव घेतले. परंतु मोबदल्याचे जमले नाही आणि हा गडी व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. पुढे तो रबरी मालाच्या विक्रीच्या धंद्यात गेला. १९३६ साली ईगल्सने १२ पैकी एकच सामना जिंकला. नाव निवडणे आणि संघ सुधारणे यांत किती अंतर असते, हे त्या पहिल्याच वर्षी दिसून आले.

आमच्या कागदी लीगमध्ये गुण चिठ्ठीवर उघडे लिहिलेले होते. खऱ्या खेळात चिठ्ठी बंद असते. मुलगा आठचा की पाचचा, हे दोन-तीन हंगामांनंतर कळते. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर, ज्यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनी केड मॅसी यांच्यासह या ड्राफ्टचा अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी एकाच जागेवर खेळणाऱ्या दोन खेळाडूंची तुलना केली. आधी निवडलेला त्याच जागेसाठी लगेच पुढे निवडलेल्यापेक्षा सरस निघण्याचे प्रमाण सुमारे ५२ टक्के भरले. म्हणजे नाणेफेकीहून थोडेसेच बरे. तरी संघ पहिल्या नावासाठी वाटेल ती किंमत मोजत होते. २००० सालच्या ड्राफ्टमध्ये १९९ व्या क्रमांकावर निवडला गेलेला टॉम ब्रेडी पुढे सात वेळा अजिंक्यपदाच्या संघात होता. तात्पर्य, शहाणा संघ एकाच चिठ्ठीवर सर्वस्व लावीत नाही. तो चार चिठ्ठ्या घेतो आणि वाट पाहतो.

वाट पाहणे म्हणजे काय, हे अर्धापूरकरांना आम्ही सांगायला नको. केळीच्या बुंध्याशी मुनवे कितीतरी फुटतात. शेतकरी सारे ठेवीत नाही. जोमदार पाहून एक राखतो, बाकीचे छाटतो. राखलेल्याला खत-पाणी घालतो, वाऱ्याने कलू नये म्हणून जपतो, आणि मग कालांतराने घड हाती येतो. मुनवा राखला त्या दिवशी बाजाराची बोली लावणारा मनुष्य आमच्या तालुक्यात तरी आम्ही पाहिला नाही.

आता आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण घेऊ. प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली. तेथे नामवंत खेळाडू लिलावाने घेतले जातात. शिवाय होतकरू नव्या मुलांना लिलावाबाहेर संघात घेण्याची सोय आहे. पुणेरी पलटण या संघाने ही सोय मनापासून वापरली. २०२१-२२ च्या आठव्या हंगामात अस्लम इनामदार आणि मोहित गोयत ही नवी मुले मैदानात उतरली. अस्लम हा तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. संघाने ही मुले सोडली नाहीत. २०२२ च्या नवव्या हंगामात पलटण अंतिम सामन्यात पोचली आणि जयपूरकडून २९-३३ अशी हरली. दहाव्या हंगामात अस्लम कर्णधार होता. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून पलटणीने पहिले अजिंक्यपद मिळवले.

यात हिशेबाची एक खुबी आहे. दहाव्या हंगामासाठी प्रत्येक संघाला ५ कोटी रुपयांची मर्यादा होती. पुण्याने त्यातले २ कोटी ३५ लाख एकट्या मोहम्मदरेझा शादलू या इराणी बचावपटूवर खर्च केले. हे त्यांना परवडले, कारण बाकीचा संघ घरी वाढवलेल्या, कमी खर्चाच्या मुलांचा होता. शादलूने त्या हंगामात पकडींचे सर्वाधिक गुण मिळवले. त्याच लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत या निष्णात चढाईपटूसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. गडी खराच मोठा, पण भोवतीची फळी कच्ची. टायटन्सने २२ पैकी २ सामने जिंकले आणि ते तळाला राहिले. दोन्ही संघांनी निम्मी थैली एकेका माणसावर रिकामी केली. फरक पडला तो उरलेल्या निम्म्या थैलीत काय होते, त्याचा.

दुबळ्याला झुकते माप देणाऱ्या नियमाचा दुरुपयोगही होतो, हे सांगितले पाहिजे. शेवटी राहिल्याने पहिली निवड मिळत असेल, तर कोणी जाणूनबुजून का हरू नये? अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगला हाच संशय छळू लागला, म्हणून १९८५ पासून तेथे वरच्या निवडीसाठी सोडत काढतात. तरीही पुढे फिलाडेल्फियाच्या संघाने काही वर्षे भविष्याच्या नावाखाली वर्तमान वाऱ्यावर सोडले. २०१५-१६ मध्ये ८२ पैकी १० सामने जिंकले. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांची ही फसवणूकच म्हटली पाहिजे.

येथवर आपण संघाच्या बाजूने पाहिले. आता त्या चिठ्ठीच्या बाजूने पाहू, कारण चिठ्ठीवर नाव असते ते माणसाचे. नवा खेळाडू संघाला फायद्याचा का ठरतो? तो जेवढे कमावून देतो, त्याहून पुष्कळ कमी त्याला द्यावे लागते म्हणून. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सिद्धार्थ देसाईला २०१८ साली यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांना घेतले. त्याने पहिल्याच हंगामात चढायांचे दोनशेहून अधिक गुण मिळवले. २०१९ च्या लिलावात त्याचीच बोली १ कोटी ४५ लाखांवर गेली. मुलगा तोच. पहिल्या वर्षीचा हा फरक संघाच्या पदरात पडला. जेथे लिलाव तरी आहे, तेथे दुसऱ्या वर्षी किंमत उघडी झाली. ड्राफ्टमध्ये मात्र नवख्याला निवडणाऱ्या संघाखेरीज दुसऱ्या कोणाशी बोलताच येत नाही. गिरणीच्या फाटकावर एकच जॉबर उभा असावा, तसा हा प्रकार होय.

यावर अमेरिकेत दावा झाला. जेम्स स्मिथ नावाचा खेळाडू १९६८ साली वॉशिंग्टनच्या संघाने ड्राफ्टमध्ये निवडला. पहिल्याच हंगामाच्या शेवटच्या सामन्यात त्याच्या मानेला जबर दुखापत झाली आणि त्याचा खेळ संपला. त्याचे म्हणणे असे की, मोकळ्या बाजारात मला याहून चांगला करार करता आला असता. १९७६ साली न्यायालयाने त्या वेळचा ड्राफ्ट बेकायदा ठरवला. मग ड्राफ्ट बंद पडला का? नाही. १९७७ साली खेळाडूंच्या युनियनने मालकांशी सामुदायिक करार केला आणि त्यात ड्राफ्टला मान्यता दिली. पुढे १९९३ च्या करारात ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर कोणत्याही संघाकडे जाण्याची मोकळीक खेळाडूंनी मिळवली. त्याबदल्यात संघांच्या एकूण पगारखर्चाला मर्यादा मान्य केली. म्हणजे नवख्यावर बंधन राहिले, पण त्याला मुदत लागली आणि त्याचा मोबदला मिळाला. नियम ठरवताना टेबलाच्या दुसऱ्या बाजूलाही माणसे बसली होती, हा मुख्य फरक.

हे आम्ही अगत्याने सांगतो त्याला कारण आहे. आमच्या भागात पहाटे धावणारी, मातीत घाम गाळणारी मुले पुष्कळ आहेत. पूर्वी अशा मुलाच्या नजरेसमोर रेल्वे, पोलीस, बँक किंवा तेल कंपनी असे. खेळाच्या जोरावर कायमची नोकरी मिळे आणि गुडघा गेला तरी पगार जात नसे. त्या वाटा अजून आहेत, पण आजच्या मुलाच्या डोळ्यांपुढे लीगची मॅट आणि तिच्यावरचे दिवे आहेत. ओळखीचा एक मुलगा एका स्पर्धेत गुडघा मोडून घरी परतला. संघाचे नाव आम्ही घेत नाही. हातातला कागद त्याने कधी वाचला नव्हता. आम्ही वाचून पाहिला, तर त्यात दुखापतीसंबंधी एक ओळ नव्हती. तो आता केळीच्या गाड्या भरतो. पकड त्याची अजून लोखंडासारखी आहे.

म्हणून घरात असा मुलगा असेल त्या आईबापांना आमचे तीन शब्द. करार सहीपूर्वी वाचून घ्या. दुखापतीचा खर्च कोण करणार, ते लिहून घ्या. आणि किती वर्षांनी मोकळे होता येईल, ते विचारा.

ज्या मुलाने आम्हांला प्रश्न विचारला, त्याच्या कागदी लीगमध्ये दुबळा संघ तीन हंगामांत पाचव्या जागेवर आला. तो खूश होता. आम्ही त्याला म्हटले, "आता चिठ्ठ्या उलट्या कर, आणि मागे प्रत्येक खेळाडूचा पगार लिही." तो अजून ते काम करीत आहे, आणि एकेक आकडा लिहिताना बराच वेळ थांबतो.