किंचित सैल ठेवलेला हब

सायकल उलगडताना : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण कोलंबसच्या एसएल नळ्यांपाशी थांबलो होतो. नळीच्या टोकांना, जिथे जोड येतो तिथे ०.९ मिलिमीटर जाडी, आणि मधल्या भागात, जिथे ताण कमी तिथे ०.६. एवढ्याशा हिशोबावर मिलानोच्या त्या कारखान्याने सायकलीच्या सांगाड्याचं वजन उतरवलं. आता सांगाड्यावर चढणाऱ्या भागांकडे वळायचं. पण सगळ्या भागांना सारखी जागा देणं मला जमणार नाही. माझ्या टेबलावर आत्ता एक पुढचं चाक आडवं पडलंय, त्याच्या मधोमध काम्पान्योलो या इटालियन कंपनीचा १९७० च्या दशकातला ‘रेकॉर्ड’ हब आहे, आणि या आठवड्याचा बराचसा लेख त्या हबातच जाणार आहे.

दोन पातळ पाने लावून बाहेरचा नट सोडवला, वॉशर काढला, कोन, म्हणजे छर्‍यांना आत दाबून धरणारा शंकूसारखा नट, फिरवून मागे घेतला की जुनं, काळपट झालेलं ग्रीस दिसतं आणि त्यात रुतून बसलेले छर्रे. एका बाजूला नऊ. बहुतेक सायकलींच्या पुढच्या हबात ३/१६ इंचाचे छर्रे असतात, इथे ते ७/३२ इंचाचे आहेत. फरक जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. पण छर्रा मोठा असला की भार जरा जास्त जागेवर पसरतो आणि कोनावर खड्डे पडायला वेळ लागतो. हबाचं बाहेरचं अंग अॅल्युमिनियमचं, मधला नळकांडीसारखा भाग बारीक, सगळीकडे ग्रॅमाग्रॅमची काटकसर. आणि नेमक्या छर्‍यांच्या जागी मात्र पोलाद सढळ हाताने दिलेलं. या एका हबात त्या काळच्या इटालियन कारागिरीची सगळी समज मला दिसते: वजन कुठे कमी करायचं याच्या आधी त्यांनी कुठे कमी करायचं नाही ते ठरवलं होतं.

कोन कापडाने पुसून उजेडात धरा. छर्रे जिथून फिरतात तिथे एक बारीक, चकचकीत रेघ उमटलेली असते, बांगडीसारखी सलग. बॉलपेनचं टोक त्या रेघेवरून हलकेच फिरवायचं. कुठे खड्डा असेल तर डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं. माझ्याकडच्या कोनावरून पेन पन्नासएक वर्षांनंतरही अडखळत नाही. याचं श्रेय पोलादाला आहे तेवढंच शेवटच्या घासाईला आहे. कोन आणि कप, म्हणजे छर्रे ज्यात बसतात त्या वाट्या, दोन्ही कठीण करून नंतर आरशासारखे घासलेले असत. कप हबात दाबून बसवलेले, म्हणजे झिजले तर ठोकून काढता येतात आणि नवे बसवता येतात. हबाच्या मधोमध एक छोटं भोक आहे, त्यावर स्प्रिंगची पट्टी. पट्टी सरकवून आत तेल सोडायचं. ज्यांनी हे बनवलं त्यांनी ही वस्तू टाकून दिली जाईल असं कधी मनातही आणलं नव्हतं.

आता एक्सल. तो पोकळ आहे, आणि त्याच्या पोकळपणामागे एक गोष्ट आहे. काम्पान्योलो कंपनी सांगत आली ती अशी: ११ नोव्हेंबर १९२७, उत्तर इटलीतला क्रोचे दाउने घाट, बर्फ पडत असलेला, आणि शर्यतीत विचेन्झाचा एक तरुण सायकलपटू, तुल्लिओ काम्पान्योलो. तेव्हा गिअर बदलायचा म्हणजे खाली उतरायचं, मागचं चाक सोडवायचं, उलटं करून पुन्हा लावायचं. हबाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रं असायची, एक सपाटीसाठी, एक चढासाठी. चाक विंगनटांनी आवळलेलं. त्या दिवशी गारठलेल्या बोटांनी तुल्लिओला ते नट सोडवता आले नाहीत. तपशिलांबद्दल इतिहासकार वाद घालतात आणि घालोत. क्विक रिलीजचं पेटंट त्याने १९३० मध्ये घेतलं असंही कंपनी सांगते. १९३३ मध्ये त्याने विचेन्झात कंपनी उभी केली, एवढं पक्कं आहे.

क्विक रिलीज म्हणजे पोकळ एक्सलमधून आरपार जाणारी एक सळई. एका टोकाला नट, दुसऱ्या टोकाला दांडी. नवशिके ही दांडी स्क्रूसारखी गोल गोल फिरवून आवळतात. तसं करायचं नसतं. दांडीच्या मुळाशी, टोपीच्या आत झाकलेला एक विकेंद्री तुकडा असतो, त्याला कॅम म्हणतात. दांडी अर्ध्या वर्तुळात मिटली की कॅम सळईला खेचतो आणि फोर्कचे दोन्ही कान हबावर दाबले जातात. अर्ध्या वाटेवर दांडीला जोर लागायला लागला पाहिजे आणि मिटताना तळहातावर तिचा वळ उठला पाहिजे. जुन्या काम्पान्योलोत कॅम पोलादी आणि बंदिस्त आहे, त्याला धूळ लागत नाही, ग्रीस सुकत नाही. आजच्या स्वस्त क्विक रिलीजमध्ये कॅम उघडा असतो आणि प्लॅस्टिकच्या बैठकीवर घासतो. दांडी तेवढ्याच जोराने मिटवली तरी चाक तेवढं घट्ट धरलं जात नाही.

इथेच या हबाचं खरं मर्म आहे. सळई खेचली जाते तेव्हा पोकळ एक्सल दोन्ही टोकांकडून दाबला जातो आणि अगदी किंचित, मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतका, आखूड होतो. त्याबरोबर दोन्ही कोन एकमेकांकडे सरकतात. म्हणजे टेबलावर तुम्ही हब अगदी नेमका बसवला, ना सैल ना घट्ट, तर चाक सायकलीला लावून दांडी मिटताच तो घट्ट होणार. हाताने फिरवून पाहिलं तर कळणारही नाही. पण दोन-तीन हजार किलोमीटर झाले की कोनावर खड्डे दिसायला लागतील, आणि दोष दिला जाईल कोनाला. म्हणून टेबलावर हब किंचित सैल ठेवायचा. किती? रिमला धरून आडवं हलवलं तर एक बारीक टकटक जाणवेल इतपत. मग चाक फोर्कमध्ये घालायचं, दांडी अर्धी मिटायची, पुन्हा हलवायचं: टकटक आहे. दांडी पूर्ण मिटायची: टकटक गेली. गेली नाही तर पुन्हा सगळं सोडायचं आणि कोन अंगठ्याच्या नखाएवढा फिरवायचा. मला हे एका बैठकीत कधीच साधत नाही, तीन-चार खेपा होतात. आमच्या गल्लीतले सायकलवाले काका मात्र हे डोळे मिटून करायचे. ‘छर्‍याला श्वास घ्यायला जागा ठेव’ असं ते म्हणायचे. त्यांच्याकडे येणाऱ्या सायकलींना पोकळ एक्सल नव्हते. तरी तो नियम त्यांनी हातानेच शोधला होता.

डिरेलरबद्दल, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या यंत्राबद्दल, थोडक्यात सांगतो, कारण त्याची कीर्ती त्याच्या कामापेक्षा मोठी आहे असं माझं मत आहे. १९४८ ची टूर द फ्रान्स जीनो बार्ताली याने जिंकली तेव्हा त्याच्या सायकलीला काम्पान्योलोच्या दोन लांब सळया होत्या. चालत्या सायकलीवर हात मागे नेऊन एका सळईने चाक सैल करायचं, पायडल उलटे मारत दुसरीने चेन सरकवायची आणि चाक पुन्हा आवळायचं. १९५० च्या सुमारास आलेल्या ‘ग्रान स्पोर्त’ने हा धोका संपवला. चार खिळ्यांवर हलणारा समांतरभुज चौकोन, केबल ओढली की तो तिरपा होतो आणि चेन शेजारच्या चक्रावर ढकलतो. शाळेत भूमितीच्या तासाला काढलेली आकृतीच सायकलीला टांगलेली. १९६७ मध्ये तोच घाट अॅल्युमिनियममध्ये आला, ‘नुओवो रेकॉर्ड’ या नावाने, वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. पण १९६४ मध्येच जपानच्या माएदा कंपनीने ‘सनटूर’ या नावाखाली हा चौकोन तिरका बसवून दाखवला होता. त्यामुळे चेन मागच्या चक्रांच्या चढउताराबरोबर चालते आणि गिअर सहज पडतो. गिअर बदलण्यात जपानी डिरेलर सरस होता, हे मान्य केलंच पाहिजे. इटालियन डिरेलरचा गुण वेगळा: त्याचा प्रत्येक खिळा, स्क्रू, स्प्रिंग स्वतंत्र निघतो आणि कंपनीच्या कॅटलॉगात प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक होता. अंगावर ‘पॅट. ७४’ असं कोरलेलं दिसलं की त्यावरून घडणीचं साल ओळखता येतं. त्या सालातले बरेच डिरेलर आजही रस्त्यावर आहेत.

क्रँकची गोष्ट अधिक गंभीर आहे. आपल्याकडच्या काळ्या सायकलींचा क्रँक पोलादी आणि कॉटर पिनने ठोकलेला असतो. काम्पान्योलोचा क्रँक अॅल्युमिनियमचा, दाबाखाली घडवलेला. ओतीव धातूचे कण कसेही पडतात, घडवलेल्या धातूत ते क्रँकच्या लांबीबरोबर वळतात, उसाच्या पेरातल्या रेषांसारखे. म्हणून तो हलका असून टिकतो. पण अॅल्युमिनियमचा एक स्वभाव आहे. पोलादावरचा भार एका मर्यादेच्या आत राहिला तर पोलाद थकत नाही. अॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, ते प्रत्येक वळशाचा हिशोब ठेवतं. उजव्या क्रँकची भुजा आणि तिच्या शेजारचे पाकळीसारखे हात जिथे मिळतात तिथे काम्पान्योलोने एक टोकदार कोपरा सोडला होता. ताण नेमका अशाच कोपऱ्यात साचतो. तिथून केसासारखी फट सुरू होते, आणि एक दिवस चढावर उभं राहून जोर लावताना क्रँक तुटतो. इतक्या काळजीवाहू कारखान्याकडून ही चूक वर्षानुवर्षं होत राहिली याचं मला वाईट वाटतं. जुना क्रँक हातात आला तर आधी तो कोपरा रॉकेलने धुवा आणि भिंगाखाली पाहा. फट नसेल तर जाणकार मंडळी बारीक कानशीने तो कोपरा गोल करतात आणि एमरी कागदाने घासून गुळगुळीत करतात. फट असेल तर क्रँक भिंतीवर टांगा. सायकलीला लावू नका.

आणि मग भोकांचा काळ आला. २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीच्या ट्रॅकवर सायकलपटू एडी मर्क्सने तासाभरात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापलं. एर्नेस्तो कोल्नागोने त्याच्यासाठी बांधलेल्या त्या सायकलीचं वजन सहा किलोंच्या आत होतं. हँडलला भोकं, चेनच्या कड्यांना भोकं. त्या सायकलीला एक तास जगायचं होतं, गुळगुळीत ट्रॅकवर, एकाच माणसाखाली, त्यामुळे तिथे प्रत्येक भोक योग्य होतं. पुढे हौशी स्वारांनी घरच्या ड्रिलने ब्रेकचे लिव्हर आणि चेनव्हील पोखरायला सुरुवात केली. प्रत्येक भोकाची कड हा एक नवा कोपरा असतो, आत्ता क्रँकपाशी पाहिला तसा. कंपन्याही या लाटेत शिरल्या. काम्पान्योलोच्या ‘सुपर रेकॉर्ड’मध्ये पायडलांचा मधला एक्सल टायटॅनियमचा मिळू लागला. वजन उतरलं, पण हे एक्सल मोडायचे. कुठे कमी करायचं नाही हे माहीत असलेल्या माणसांनीच ते केलं होतं. म्हणून मला जुन्या भागांची खरेदी करणाऱ्यांना सांगावंसं वाटतं की नाव आणि किंमत बघून ‘सुपर रेकॉर्ड’च्या मागे धावू नका. पोलादी एक्सलचा साधा ‘नुओवो रेकॉर्ड’ घ्या, क्रँकचा तो कोपरा तपासा, आणि मग त्यावर बिनधास्त बसा.

हब आता पुन्हा जुळवला आहे. नवे छर्रे, सगळे एकाच पुडीतले, कारण जुन्यात नवे मिसळले तर मोठा छर्रा एकटाच भार घेतो. नवं ग्रीस. टेबलावर टकटक, दांडी मिटल्यावर शांतता. चाक फोर्कमध्ये हलकेच फिरवून सोडलं. बराच वेळ फिरत राहिलं, मग मंद झालं, थांबल्यासारखं वाटलं आणि उलट्या दिशेने वळलं. व्हॉल्व्हची बाजू जड असते, ती खाली येते, थोडी पुढे जाते, परत येते. घड्याळाच्या लंबकासारखे सतरा झोके मी मोजले, आणि व्हॉल्व्ह बरोबर खाली येऊन थांबला. ज्या रिमवर हा व्हॉल्व्ह बसलाय तिला टायर आवळून धरायच्या कडाच नाहीत, टायर चक्क चिकटवलेला आहे. पुढच्या आठवड्यात तो सोलून पाहू.