दंडाची शीर तुटली तर तेल चोळत बसू नका



1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असते. होड्या वर ओढल्या की आपली पोरं जिम, रस्सीखेच, पंजा लढवणं यांत रमतात. चांगलंच आहे. पण गेल्या बंदीत एका सभासदाच्या मुलाने जिममध्ये वजन उचललं आणि कोपरात 'टक्' झालं. मुरगळलं समजून घरच्यांनी महिनाभर तेल चोळलं. डॉक्टरकडे नेईपर्यंत उशीर झाला होता. म्हणून हे लिहितो आहोत.

दंडात फुगतो तो गोळा म्हणजे बायसेप्स. तो जाड दोरासारख्या कंडरेने कोपराखालच्या हाडाला बांधलेला असतो. आपण तिलाच शीर म्हणतो. कोपर वाकलेलं असताना जड ओझ्याने हात झटक्यात सरळ ओढला गेला, की हा दोर हाडापासून सुटतो. चाळिशीनंतर हे जास्त होतं, पण वजन उचलणाऱ्या तरुणांनाही होतं. सिगारेट आणि स्टेरॉइडमुळे धोका वाढतो.

ओळखायचं कसं?
▪️ 'टक्' आवाज आणि एकदम कळ
▪️ कोपराच्या पुढच्या बाजूला काळंनिळं
▪️ दंडाचा गोळा खांद्याकडे सरकलेला
▪️ स्क्रू पिळताना हातात जोर नाही

फसगत होते ती अशी: आतला दुसरा स्नायू शाबूत असतो, म्हणून कोपर वाकतं. दुखणंही हळूहळू कमी होतं. वाटतं, बरं झालं. पण सुटलेला दोर वर आखडत जातो. दोन-तीन आठवड्यांच्या आत ऑपरेशन सोपं जातं, नंतर तो दोर खाली आणून जोडणं कठीण. पूर्ण तुटलेली कंडरा जोडलीच नाही, तर तळवा वर फिरवायची ताकद साधारण 40 टक्के आणि कोपर वाकवायची 30 टक्के कमी होते. ज्याला जाळं ओढायचं आहे, त्याने याचा हिशेब करावा.

काय करायचं?
▪️ वजन तिथेच खाली ठेवा
▪️ बर्फ कापडात गुंडाळून 15-20 मिनिटं लावा. बर्फाला आपल्याकडे तोटा नाही!
▪️ हात झोळीत बांधा, मालिश नको
▪️ दोन-तीन दिवसांच्या आत हाडांच्या डॉक्टरांना दाखवा

ऑपरेशन प्रत्येकाला लागतंच असं नाही, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. झालंच, तर जड कामाला काही महिने सुट्टी. एक हंगाम थोडा बुडेल, पण हात राहील.

घरातल्या पोरांना हे नक्की वाचून दाखवा.

– सचिव, आपली संस्था