कोरडा दिवस पाळा, ओआरएस घरात ठेवा: निलंगेकरांसाठी

12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली, पहिल्या खेपेत सुमारे 5 लाख लिटर पाणी घेऊन. अशा जिल्ह्यात पाणी साठवण्याची सवय अंगवळणीच पडते. निलंग्यातही रांजण, बॅरल, हौद भरून ठेवले जातात. सवय गरजेचीच, पण डेंग्यूचा एडिस डास नेमका अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो.

अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे साठवणीची भांडी रिकामी करण्याचा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याला आतून चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. म्हणून काथ्या घेऊन आतली कड खसखसून घासायची, भांडं उन्हात वाळवायचं, भरल्यावर तोंडाला फडकं घट्ट बांधायचं. वापरायच्या मोठ्या हौदात गप्पी मासे सोडावेत.

दुसरी काळजी जुलाबाची. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या पाण्यानं कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. केवढं मोठं काम! घरात ओआरएसची, म्हणजे अशाच साखर-मिठाची, पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच, कारण जास्त मीठ बाळाला घातक ठरतं. अंगावरचं दूध चालूच ठेवावं. बाळ सुस्त पडलं, डोळे खोल गेले किंवा लघवी कमी झाली, तर लगेच दवाखाना गाठावा, वाटेतही घोट-घोट पाजत राहावं.