अतिभरक व त्याचे शीतन

अतिभरक व त्याचे शीतन : वातावरणाच्या दाबामुळे अंतर्ज्वलन एंजिनाच्या सिलिंडरात जेवढी हवा आपोआप शिरू शकते, तीपेक्षा अधिक वस्तुमानाची हवा दाबून भरणाऱ्या व एंजिनाच्याच शक्तीवर चालणाऱ्या संपीडकास (हवा दाबणाऱ्या यंत्रास) अतिभरक म्हणतात. व्यवहारात त्यास सुपरचार्जर हेच नाव रूढ आहे. १ किग्रॅ. पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सु. १४·७ किग्रॅ. हवा लागते. म्हणून एंजिनापासून मिळणारी शक्ती ही त्यात किती इंधन ओतता येते यापेक्षा किती हवा भरता येते यावरच मुख्यतः अवलंबून असते. सिलिंडरांचा आकार किंवा संख्या न वाढविता शक्ती वाढविण्याचा मार्ग म्हणून अतिभरणाचा उपयोग करतात. मात्र हवा दाबली की ती तापते आणि तापलेली हवा विरळ होते. त्यामुळे अतिभरकाने मिळविलेला लाभ काही अंशी त्यानेच उत्पन्न केलेल्या उष्णतेत नाहीसा होतो. या उष्णतेची विल्हेवाट लावणारी शीतन योजना ही म्हणूनच अतिभरकाची जोड नसून त्याचे एक आवश्यक अंग होय.

इतिहास : अतिभरकाचा मूळ पंखा मोटारगाडीसाठी निर्माण झालेला नव्हता. अमेरिकेतील इंडियाना राज्यातील कॉनर्सव्हिल येथील फिलँडर व फ्रान्सिस रूट्स या बंधूंनी १८६० मध्ये दोन परिभ्रमी पात्यांच्या हवापंख्याचे एकस्व (पेटंट) घेतले. हा पंखा प्रथम झोतभट्ट्यांना हवा पुरविण्यासाठी व खाणींच्या वायुवीजनासाठी वापरला गेला. १८८५ मध्ये गोटलीप डाइमलर यांनी एंजिनात दाबाने हवा भरण्याच्या कल्पनेचे एकस्व घेतले, तर १९०२ मध्ये फ्रान्समध्ये ल्वी रनो यांनी केंद्रोत्सारी पंख्याच्या वापराचे एकस्व मिळविले. १९०८ मध्ये अमेरिकेतील चॅडविक या शर्यतीच्या गाडीवर अतिभरकाचा यशस्वी उपयोग करण्यात आला. विक्रीसाठी बनविलेल्या अतिभरित गाड्या मर्सिडीजने १९२१ मध्ये बर्लिनच्या मोटार प्रदर्शनात मांडल्या. १९२३ मध्ये मॉंझा येथील इटालियन ग्रां प्री शर्यत फियाट ८०५ या गाडीने जिंकली. अतिभरित गाडीने जिंकलेली ही पहिली ग्रां प्री शर्यत होय.

इंग्लंडमधील साडेचार लिटर बेंटली गाडीसाठी ॲम्हर्स्ट व्हिलियर्स यांनी रूट्स पद्धतीचा अतिभरक अभिकल्पिला व १९२९ पासून तो त्या गाड्यांवर बसविण्यात आला. तो रेडिएटरच्या पुढे, भुजादंडाच्या (क्रँकशाफ्टच्या) टोकालाच जोडलेला असे. गाडीच्या नाकावर जड यंत्र टांगण्याची ही रचना स्वतः डब्ल्यू. ओ. बेंटली यांना मान्य नव्हती. या गाड्या वेगवान ठरल्या, पण त्यांना एकही मोठी शर्यत जिंकता आली नाही. १९३० च्या फ्रेंच ग्रां प्रीमधील दुसरा क्रमांक हे त्यांचे सर्वांत मोठे यश होय. यंत्र बसविणे व ते एंजिनाशी एकजीव करणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हा बोध या उदाहरणावरून मिळतो.

विमानांच्या बाबतीत अतिभरणाची निकड अधिक होती, कारण सु. ५·५ किमी. उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या निम्मा होतो. रोल्स-रॉइस कंपनीच्या मर्लिन या एंजिनाच्या द्विटप्पी प्रकारात अतिभरित मिश्रण द्रवाच्या साहाय्याने थंड करण्याची योजना होती. हे एंजिन १९४२ मध्ये स्पिटफायर विमानांवर आले. आजच्या मोटारगाडीतील जलशीतित योजना तत्त्वतः याच जातीची आहे.

प्रकार : अतिभरकाचे मुख्य तीन प्रकार आहेत. (१) रूट्स पद्धतीच्या अतिभरकात एकमेकांत गुंतून फिरणारी दोन पाती हवा पुढे ढकलतात. आत प्रत्यक्ष संपीडन होत नाही. पुढील नलिकेत हवा साचल्यामुळे दाब वाढतो. मंद वेगापासूनच दाब मिळतो, परंतु उष्णताही जास्त निर्माण होते. (२) मळसूत्री अतिभरकात दोन मळसूत्री दंडांमधील पोकळी आकुंचन पावत जाते व हवा आतच दाबली जाते. स्वीडिश अभियंते आल्फ लिसहोल्म यांनी १९३० नंतरच्या दशकात हा प्रकार विकसित केला. याची कार्यक्षमता रूट्सपेक्षा चांगली असते. (३) केंद्रोत्सारी अतिभरकात अतिवेगाने फिरणारे चक्र हवा परिघाकडे फेकते. याचा आकार लहान व कार्यक्षमता चांगली असते, पण दाब वेगाच्या साधारणपणे वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने एंजिन मंद फिरत असताना लाभ थोडा मिळतो.

निष्कास (बाहेर पडणाऱ्या) वायूंवर चालणाऱ्या संपीडकास टर्बोचार्जर म्हणतात. त्याची कल्पना १९०५ मध्ये स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी मांडली. टर्बोचार्जर वाया जाणारी ऊर्जा वापरतो, मात्र त्यास वेग घेण्यास क्षणभर विलंब लागतो. अतिभरक भुजादंडाशी पट्ट्याने किंवा दंतचक्रांनी जोडलेला असल्याने असा विलंब होत नाही, पण त्यासाठी एंजिनाची शक्ती खर्च होते.

तापमानवाढ व तिचे परिणाम : बाहेरील हवेचे तापमान ३०° से. असून तिचा दाब दीडपट केला, तर आदर्श संपीडकातही तिचे तापमान सु. ३७° से. ने वाढते. संपीडकाची कार्यक्षमता ६० टक्के धरल्यास ही वाढ सु. ६२° से. होते व हवा ९२° से. तापमानाने बाहेर पडते. दाब ५० टक्क्यांनी वाढला तरी घनता केवळ सु. २५ टक्क्यांनी वाढते, म्हणजे निम्मा लाभ हवेच्या तापण्यात गमावला जातो. हीच हवा सिलिंडरात जाण्यापूर्वी सु. ४९° से. पर्यंत थंड केली, तर शीतकातील दाबाची थोडी घट जमेस धरूनही घनतेतील वाढ सु. ३८ टक्के होते. विदर्भातील उन्हाळ्याप्रमाणे बाहेरील तापमान ४५° से. असेल, तर शीतनाशिवाय हवा सु. ११०° से. तापमानाने एंजिनात शिरेल.

घनतेतील तोट्यापेक्षाही अपस्फोटनाचा धोका गंभीर आहे. नेहमीच्या ज्वलनात ठिणगीपासून निघालेली ज्वाला मिश्रणातून क्रमाने पसरत जाते. मिश्रण अतितप्त व अतिदाबित असल्यास ज्वाला पोहोचण्यापूर्वीच त्याचा शेवटचा भाग आपोआप पेटतो व आघाती दाबलहरी उत्पन्न होतात. बाहेर हा आवाज धातूवर खडे आपटल्यासारखा ऐकू येतो. अपस्फोटन चालू राहिल्यास दट्ट्याचा माथा वितळणे, कड्यांमधील धातू तुटणे व गॅस्केट फुटणे असे प्रकार थोड्याच वेळात घडू शकतात. मूळ एंजिनाचे संपीडन गुणोत्तर जितके जास्त तितका हा धोका अधिक. म्हणून कारखान्यातच अतिभरित म्हणून बांधलेल्या एंजिनांत हे गुणोत्तर बहुधा कमी ठेवलेले असते.

शीतनाच्या पद्धती : (अ) इंधनाच्या बाष्पीभवनाने : जुन्या गाड्यांत अतिभरक कार्ब्युरेटरमधून मिश्रण ओढून घेई व इंधनाच्या बाष्पीभवनाने ते काहीसे थंड होई. १९५० व १९५१ साली जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यती जिंकणाऱ्या आल्फा रोमिओ गाड्यांच्या दीड लिटर एंजिनांत मिथेनॉलयुक्त इंधन याच कारणासाठी वापरीत, कारण मिथेनॉलची बाष्पीभवनाची सुप्त उष्णता पेट्रोलच्या सु. तिप्पट असते. या पद्धतीत इंधनाचा खर्च अतोनात होतो. शिवाय अतिभरक व नलिका ज्वालाग्राही मिश्रणाने भरलेल्या राहत असल्याने ज्वाला उलटल्यास स्फोट होऊ नये म्हणून दाबमोचक झडप ठेवावी लागते.

(आ) हवेने : दाबलेली हवा पंखे असलेल्या नळ्यांतून नेतात व त्यांवरून समोरून येणारी बाहेरील हवा वाहते. यात पंप नाही, गळती होणारा द्रव नाही व रचना साधी असते. तथापि लांब व रुंद नलिकांमुळे जागा अधिक लागते आणि गाडी गर्दीत थांबून राहिली की शीतन मंदावते.

(इ) पाण्याने : मॅनिफोल्ड नलिकेतच बसविलेल्या लहान उष्णता विनिमयकातून पाणी फिरवितात व ते पाणी गाडीच्या पुढील भागातील स्वतंत्र रेडिएटरमध्ये थंड करतात. पाण्याची विशिष्ट उष्णता हवेच्या सु. चौपट असून घनता शेकडो पटींनी अधिक असल्याने विनिमयक लहान असूनही पुरतो. हवेचा मार्ग आखूड राहतो, त्यामुळे एंजिनाचा तत्पर प्रतिसाद टिकतो. एंजिनावर थेट बसणाऱ्या रूट्स व मळसूत्री अतिभरकांना हीच पद्धत सोयीची पडते.

बसवणी : आरंभी एंजिनाची प्रकृती तपासतात. प्रत्येक सिलिंडरातील संपीडनाचा दाब मोजून तो सर्वत्र सारखा असल्याची खात्री करतात. झिजलेल्या एंजिनावर अतिभरक बसविल्यास त्याचा उरलेला आयुर्भागही लवकर संपतो.

अतिभरकाचा आधार जाड व ताठ असावा लागतो. पट्ट्याच्या सर्व कप्प्या एकाच पातळीत नसल्यास पट्टा एका कडेने झिजतो व सुटतो. लहान कप्पीला पट्ट्याचा पुरेसा वेढा मिळावा म्हणून मध्ये ताणकप्पी बसवितात. भुजादंडावरील कप्पीचा व्यास १५ सेंमी. व अतिभरकावरील कप्पीचा ७·५ सेंमी. असल्यास एंजिनाच्या मिनिटाला ६,००० फेऱ्यांना अतिभरक १२,००० फेरे करतो. अधिक दाबाच्या मोहाने ही कप्पी लहान करताना अतिभरकाची निर्मात्याने घातलेली वेगमर्यादा ओलांडली जाणार नाही हे पाहावे लागते. दोन लिटर क्षमतेच्या एंजिनावर पूर्ण वेगात वरील दाब निर्माण करण्यास सु. १० किवॉ. शक्ती लागते व ती सर्व पट्ट्यातून जाते.

हवामार्गात अतिभरकाला वळसा घालणारी झडप ठेवतात. चालकाने पाय काढताच ती उघडते व हवा पुन्हा मागे फिरते, त्यामुळे मंद चालीत शक्ती व उष्णता दोन्ही वाचतात. भुजादंडाच्या पेटीतील वाफा नेणाऱ्या नळीत एकदिशा झडप बसविणे आवश्यक असते, अन्यथा दाबलेली हवा पेटीत शिरून तेलाच्या मुद्रा (सील) फुटतात.

शीतनाचे पाणी एंजिनाच्या पाण्याशी कधीही जोडू नये. एंजिनाचे पाणी सु. ९०° से. तापमानाचे असते, त्यामुळे ते हवा थंड करण्यास निरुपयोगी ठरते. स्वतंत्र रेडिएटर मुख्य रेडिएटरच्या पुढे बसवितात व कडेने हवा निसटू नये म्हणून भोवती पत्र्याची आडभिंत करतात. पंप मंडलाच्या सर्वांत खालच्या भागी व भरणटाकी सर्वांत वरच्या भागी ठेवतात. पंपाला हवा ओढावी लागली तर प्रवाह थांबतो, म्हणून भरताना नळ्यांतील बुडबुडे पूर्णपणे काढतात. वरील दोन लिटर एंजिनात सु. ६ ते ७ किवॉ. उष्णता काढून घ्यावी लागते. पाण्याचा प्रवाह मिनिटाला २० लि. असल्यास विनिमयकातून जाताना ते केवळ सु. ५° से. ने तापते. ग्लायकॉल मिसळल्याने पाणी गोठत नाही, पण त्याची उष्णता वाहण्याची क्षमता घटते. महाराष्ट्रासारख्या उष्ण प्रदेशात ग्लायकॉलचे प्रमाण कमी ठेवून गंजरोधक द्रव्य घालणे अधिक हितावह ठरते.

इंधन व प्रज्वलन : हवा ३८ टक्क्यांनी वाढली तर इंधनही निदान तितकेच वाढले पाहिजे. पूर्ण दाबाखाली मिश्रण आणखी समृद्ध, म्हणजे १ भाग इंधनास सु. १२ भाग हवा असे ठेवतात. यासाठी मोठे अंतःक्षेपक व अधिक क्षमतेचा इंधनपंप लागतो आणि इलेक्ट्रॉनीय नियंत्रकातील तक्ते नव्याने मांडावे लागतात. दाट मिश्रण लवकर जळते, म्हणून ठिणगीची वेळ मागे घेतात. स्पार्क प्लगही उष्णता लवकर वाहून नेणाऱ्या प्रकारचे घालतात.

चाचणी व निगा : प्रथम शीतनपंप चालू करून टाकीत पाण्याची हालचाल दिसते की नाही हे पाहतात व त्यानंतरच एंजिन सुरू करतात. मंद चालीत गळती, पट्ट्याची रेषा व वंगण तपासल्यावर शक्तिमापकावर भार टप्प्याटप्प्याने वाढवितात. प्रत्येक टप्प्यावर मॅनिफोल्डमधील दाब व तापमान, मिश्रणाचे प्रमाण आणि अपस्फोटनाचे संकेत यांची नोंद करतात. शीतनपंप बंद पडल्याचे चालकास बाहेरून कळत नाही. गाडी पूर्ववत धावते व एखाद्या चढावर एंजिन निकामी होते. म्हणून हवेच्या तापमानाचा दर्शक किंवा तापमान वाढताच ठिणगी मागे घेणारी योजना ही चैन नसून संरक्षण आहे. वाढलेल्या वेगास अनुरूप गतिरोधक व टायर असणेही तितकेच आवश्यक आहे.

मर्यादा : भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत होतील असे फेरफार गाडीत करता येत नाहीत. त्यामुळे अशी बसवणी करण्यापूर्वी परिवहन प्राधिकरणाकडे चौकशी करणे इष्ट असते.

कारखान्यात तयार होणाऱ्या गाड्यांत इंधनाच्या काटकसरीमुळे टर्बोचार्जरचा प्रसार अधिक झाला आहे. १९८९ सालच्या फोर्ड थंडरबर्ड सुपर कूपमध्ये रूट्स जातीचा अतिभरक व हवाशीतक ही जोडी होती, तर २०१६ मध्ये औडीने एस्क्यू७ या गाडीत टर्बोचार्जरांच्या साहाय्यास विद्युत् चलित्रावर चालणारा संपीडक आणला. चालकशक्तीचे साधन पट्टा असो, निष्कास वायू असोत किंवा वीज असो, दाबलेली हवा तापणारच. त्यामुळे या सर्व प्रकारांत शीतनाचा प्रश्न कायम राहतो आणि वाढीव शक्तीची मर्यादा पुष्कळदा संपीडकापेक्षा शीतकच ठरवितो.