न वाजणाऱ्या कुकरची निगा

इलेक्ट्रिक प्रेशर कुकर ‘वाफ धरत नाही’ म्हणून माळ्यावर टाकण्याआधी तीन गोष्टी तपासायला हव्यात: झाकणातली रिंग, वाफ बाहेर पडण्याची वाट आणि घरात येणारे व्होल्टेज. यातली एकही गोष्ट कुकरच्या सर्किटमध्ये नाही. तरीही कुकर अडला की पहिला संशय सर्किटवर जातो, कारण समोर बटणे आणि आकडे दिसतात. गॅसवरच्या कुकरची नस घरोघर माहीत आहे. शिट्टी लांबली, कडेने वाफ सुटली, करपल्याचा वास आला, की हात आपोआप शेगडीकडे जातो. इलेक्ट्रिक कुकरला शिट्टी नाही. त्याची तक्रार कानावर येत नाही, म्हणून त्याची निगा ठरवून, डोळ्यांनी पाहून आणि हाताने चाचपून घ्यावी लागते. एवढी सवय लागली तर शहराबाहेरही हे यंत्र वर्षानुवर्षे काम देईल.

वाफ कोंडून अन्न शिजवण्याची युक्ती जुनी आहे. डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1679 मध्ये तसे भांडे करून दाखवले. चिनी शास्त्रज्ञ योंगगुआंग वांग यांनी विजेवर चालणाऱ्या प्रेशर कुकरच्या पेटंटसाठी 1991 मध्ये अर्ज केला. या कुकरची रचना समजायला अवघड नाही. तळाशी तापणारी प्लेट असते आणि तिच्या मध्यभागी स्प्रिंगवर बसवलेला सेन्सर. वर सुटे भांडे. झाकणात सिलिकॉनची रिंग, वाफ सोडणारा व्हॉल्व्ह आणि एक छोटी पिन. आत वाफ कोंडू लागली की पिन वर उचलली जाते, तिथली वाट बंद होते आणि झाकण अडकते. गॅसवरच्या कुकरमध्ये दाब साधारण 100 किलोपास्कलपर्यंत आणि तापमान 120 अंशांच्या आसपास जाते. बहुतेक इलेक्ट्रिक कुकर 70 किलोपास्कलच्या आसपास, म्हणजे सुमारे 115 अंशांवर काम करतात. तीच तूरडाळ इथे थोडी जास्त वेळ मागते, ती या रचनेमुळे. तो बिघाड नव्हे.

आता व्होल्टेज. श्रीगोंदा तालुक्यातले काष्टी शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठी दूरवर माहीत आहे. हा उसाचा, कालव्यांचा, विहिरी-बोअरचा मुलूख. अशा भागात, विशेषतः मळ्यातल्या वस्त्यांवर, एकाच डीपीवरच्या मोटारी सुरू झाल्या की घरातला दिवा मंदावतो. त्याच वेळी कुकरचे काय होते, हे साध्या गणिताने कळते. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. 230 व्होल्टला 1000 वॉट देणारा हीटर 180 व्होल्टला सुमारे 610 वॉट देतो आणि 160 व्होल्टला निम्म्याहूनही कमी. शिवाय यातल्या बहुतेक कुकरांत लावलेली मिनिटे मोजायला सुरुवात होते ती दाब तयार झाल्यावर. म्हणून ‘वीस मिनिटे लावली होती, पाऊण तास झाला’ ही तक्रार खरी असली, तरी तिचे कारण पुष्कळदा डीपीवरच्या भारात असते. लाइट पूर्ण दाबाने असताना तोच कुकर नीट चालला, तर त्याच्यावरचा आळ खोटा ठरतो. मध्येच लाइट गेली तर झाकणाशी झटापट करू नये. आतला दाब विजेबरोबर जात नाही. पिन आपोआप खाली बसली की मगच झाकण उघडावे.

उरलेल्या दोन गोष्टी घरच्या माणसाच्या हातातल्या आहेत. वाफ झाकणाच्या कडेने सुटत असेल तर दोष रिंगचा: ती खोबणीत नीट बसलेली नाही, तिच्यात शीत अडकले आहे, किंवा ती ताणून सैल झाली आहे. रोजच्या वापरात साधारण वर्ष-दीड वर्षाने रिंग बदलावी आणि ती त्याच मॉडेलची घ्यावी. वाफ वरच्या व्हॉल्व्हमधून सुटत असेल तर व्हॉल्व्ह काढून धुवावा आणि झाकणाच्या आतली जाळीही उघडून साफ करावी. तुरीचा फेस, हुलग्याची आणि मटकीची टरफले तिथेच अडकतात. म्हणून डाळ-तांदूळ लावताना भांडे निम्म्याच्या वर भरू नये आणि डाळीत चमचाभर तेल घालावे; फेस कमी येतो. पिन चिकटली असेल तर तिच्या टोकाची छोटी सिलिकॉनची टोपी काढून धुवून परत बसवावी. बोअरच्या जड पाण्यातले क्षार भांड्याच्या तळाशी आणि व्हॉल्व्हमध्ये पांढरा थर धरतात. तो थर आम्लात विरघळतो. श्रीगोंदा तालुका लिंबांसाठी ओळखला जातो, तेव्हा औषध जवळच आहे: स्टीलच्या भांड्यात लिंबाचा रस घातलेले पाणी उकळून थोडा वेळ तसेच ठेवावे. ॲल्युमिनियमच्या भांड्याला मात्र हा उपाय करू नये.

पडद्यावर जळाल्याची सूचना आली की माणूस घाबरतो. खरे तर ती सूचना म्हणजे सेन्सर आपले काम करतो आहे. तळाशी पिठूळ पदार्थ चिकटला, पाणी कमी पडले किंवा रिंगमधून वाफ निघून जाऊन भांडे कोरडे पडले, की तळाचे तापमान मर्यादेपुढे जाते आणि हीटर बंद होतो. फोडणी केल्यावर थोडे पाणी घालून तळ खरवडून घेतला तर ही अडचण बऱ्याचदा टळते. भांड्याचा बाहेरचा तळ पुसून कोरडा करावा. प्लेट आणि भांडे यांच्यामध्ये तांदळाचा एक दाणा राहिला तरी सेन्सरला चुकीचे तापमान कळते. या सगळ्याची परीक्षा एकच: भांड्यात तीन कप पाणी घालून कुकर पाच मिनिटांवर लावावा. पिन वर आली आणि कडेने वाफ सुटली नाही, तर कुकर ठीक आहे आणि दोष पदार्थाच्या प्रमाणात शोधावा.

यावर कुणी म्हणेल, एवढी उस्तवार कशाला, गॅसवरचा कुकर काय वाईट? वाईट मुळीच नाही. त्याचीही रिंग बदलावी लागते आणि त्याचाही व्हॉल्व्ह धुवावा लागतो. फरक इतकाच की तो शेगडीपाशी माणूस अडकवून ठेवतो. पहाटे धारा काढायच्या, मुलांचे डबे भरायचे आणि मळ्यात जायचे, अशा घरातल्या बाईला स्वतःहून बंद होणारा कुकर अर्धा तास मोकळा करून देतो. तो अर्धा तास वाचवायला आठवड्यातली दहा मिनिटांची साफसफाई महाग नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सर्व्हिस सेंटर लांब असते, मग गावातल्या वायरमनने फ्यूज ‘डायरेक्ट’ करून दिला तर बिघडले कुठे? इथे तडजोड नको. आतला थर्मल फ्यूज ही शेवटची राखण आहे. तो काढून तार जोडली, तर सेन्सर फसल्यावर हीटर थांबवणारे काही उरत नाही. रिंग, व्हॉल्व्ह, पिन, जाळी ही घरची कामे. तळाचे स्क्रू उघडायचे ते जाणकारानेच, आणि फ्यूज बदलायचा तो त्याच क्षमतेचा. प्लगची तिसरी पिन कापणे म्हणजे अर्थिंग तोडणे. अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेला 120 व्होल्टचा कुकर इथे थेट लावला, तर हीटरवर साडेतीन पटींहून अधिक भार येतो आणि तो जळतो.

म्हणून निगा सुरू होते ती खरेदीच्या वेळी. काष्टीच्या बाजारात बैल घेणारा दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो आणि मग सौद्याला हात घालतो; कुकर घेताना आपण फक्त किंमत आणि बटणे पाहतो. पहिला प्रश्न असा हवा की याची रिंग आणि व्हॉल्व्ह श्रीगोंद्यात, दौंडमध्ये किंवा अहिल्यानगरला मिळतात का. मिळत नसतील तर एक जादा रिंग कुकरबरोबरच मागून घ्यावी. गिऱ्हाईक सुटे भाग मागू लागले की दुकानदार ते ठेवू लागेल, आणि मग एका रिंगपायी हजारोंचा कुकर भंगारात जाणार नाही.