हात न उगारणाऱ्या गर्दीचा माहितीपट कसा बनतो?

युद्धावर माहितीपट करणाऱ्याला एक चिंता नसते. पडद्यावर काय दाखवायचं हे जवळपास ठरलेलं असतं : धूर, रणगाडे, पडलेल्या भिंती, पळणारी माणसं. शांततेच्या उठावाचं तसं नाही. तिथे हजारो लोक येतात, उभे राहतात, गाणी म्हणतात आणि रात्री घरी जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. आता कॅमेऱ्याच्या नजरेने बघा, यात 'घडलं' काय? तरीही अशा उठावांनी सरकारं पाडली आहेत, देश मोकळे केले आहेत. मग हे पडद्यावर उभं कसं करायचं?

हा प्रश्न फक्त सिनेमावाल्यांचा नाही. गोवा असो, बेळगाव असो की उज्जैन-सागर, आपल्याकडच्या किती तरी घरांत एखाद्या सत्याग्रहाची आठवण आहे. ती चित्रित करायची म्हटलं तर नेमकं काय करावं लागतं, हे दोन गाजलेल्या माहितीपटांवरून समजून घेऊ.

एवढासा देश, एवढं मोठं गाणं

पहिला माहितीपट 'द सिंगिंग रेव्होल्युशन'. जेम्स टस्टी आणि मॉरीन कॅसल टस्टी या दांपत्याने तो केला आणि २००६ मध्ये तो प्रदर्शित झाला. विषय एस्टोनियाचा. बाल्टिक समुद्राकाठचा हा देश १९४० मध्ये सोव्हिएत संघाने ताब्यात घेतला होता. १९८९ मध्ये त्याची लोकसंख्या सुमारे साडेपंधरा लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या याच्या तिप्पट भरली! त्यातही मूळ एस्टोनियन भाषिक जेमतेम ६० टक्के. म्हणजे आपली भाषा आपल्याच घरात मागे पडते की काय, ही धास्ती तिथे खरी होती.

या लोकांकडे एक जुनी परंपरा होती, ती म्हणजे गीतमहोत्सव. १८६९ मध्ये टार्टू शहरात तो पहिल्यांदा भरला. हजारो गायक एकाच मंचावरून एका सुरात गातात. सोव्हिएत राजवटीने हा महोत्सव बंद केला नाही, पण त्यात लेनिन-स्टालिनची स्तुती घुसवली. लिडिया कोयडुला या कवयित्रीची मायभूमीवरची एक कविता गुस्ताव अर्नेसाक्स यांनी स्वरबद्ध केली होती. ती कार्यक्रमातून काढली गेली. १९६० च्या महोत्सवात लोकांनी ती आपणहून गायली. १९६९ च्या शताब्दी महोत्सवातही तिचे सूर घुमले. सरकारी बँडचा आवाजही तो गजर दाबू शकला नाही, असं सांगतात.

जून १९८८ मध्ये टालिनच्या महोत्सव मैदानावर तरुण मंडळी रात्र-रात्र गाऊ लागली. ते पाहून हाइन्झ वाल्क या चित्रकाराने एका लेखात 'गाणारी क्रांती' हा शब्द वापरला आणि तो कायमचा चिकटला. ११ सप्टेंबर १९८८ रोजी त्याच मैदानावर सुमारे तीन लाख लोक जमल्याचं सांगितलं जातं.

आधी भीती दाखवावी लागते

आता समजा, दिग्दर्शकाने थेट या गाणाऱ्या गर्दीपासून सुरुवात केली असती. प्रेक्षक म्हणाला असता, छान जत्रा आहे! गाण्यात धाडस कसलं, हे त्याला कळलंच नसतं.

म्हणून माहितीपट आधी मागे जातो. जून १९४१ मध्ये एस्टोनियातून सुमारे १० हजार लोकांना उचलून सोव्हिएत संघात आत दूरवर पाठवलं गेलं. मार्च १९४९ मध्ये अवघ्या काही दिवसांत २० हजारांहून जास्त लोक नेले. त्यात बायका-मुलंच अधिक. शब्द चुकला तर काय होतं, हे प्रत्येक घराला ठाऊक होतं. एकदा प्रेक्षकाला हे समजलं, की मग साधा निळा-काळा-पांढरा झेंडा पाहूनही त्याच्या छातीत धडधडतं. या तीन रंगांच्या झेंड्यावर बंदी होती. १९८८ च्या वसंतात टार्टूतल्या कार्यकर्त्यांनी काय केलं? तीन वेगवेगळी कापडं घेतली, एक निळं, एक काळं, एक पांढरं, आणि ती शेजारी-शेजारी धरली. झेंडा नाही, पण झेंडाच!

शांततेच्या उठावावर माहितीपट करताना हा पहिला नियम. धोका काय होता हे आधी कळू द्या. नाहीतर संयम हा संयम वाटत नाही, नुसती शांतता वाटते.

जे घडलं नाही, ते दाखवायचं कसं?

अशा उठावातला सगळ्यात मोठा क्षण बहुतेक वेळा 'न घडलेला' असतो. १५ मे १९९० चा दिवस घ्या. एस्टोनियाच्या स्वातंत्र्याला विरोध असलेल्या 'इंटरफ्रंट' या गटाचे लोक टालिनमधल्या टूम्पिया टेकडीवरच्या सरकारी वाड्याच्या आवारात घुसले. पंतप्रधान एडगर साविसार यांनी रेडिओवरून लोकांना मदतीची हाक दिली. बघता-बघता हजारो एस्टोनियन तिथे येऊन ठेपले. आता घुसलेले लोक आत आणि संतापलेली गर्दी बाहेर. एक दगड भिरकावला गेला असता तर पुढचं सांगायला नको. मॉस्कोला सैन्य पाठवायला तेवढं निमित्त पुरलं असतं.

गर्दीने काय केलं? 'बाहेर, बाहेर' अशा घोषणा देत मधोमध वाट मोकळी करून दिली. घुसलेले लोक त्या वाटेने खाली मान घालून निघून गेले. रक्ताचा थेंब सांडला नाही.

पडद्यावर हे टिकतं ते घाई न केल्यामुळे. जुनं चित्रण आणि तिथे हजर असलेल्यांच्या आठवणी एकमेकांत गुंफल्या, की प्रेक्षक त्या वाटेच्या कडेला जाऊन उभा राहतो आणि स्वतःलाच विचारतो, मी असतो तर हात आवरला असता का? अशा माहितीपटाचं यश या प्रश्नात आहे.

'सगळे एक होते' असं म्हणू नका

दुसरी अडचण मतभेदांची. आंदोलन जिंकलं की सगळे म्हणतात, आम्ही एकजुटीने लढलो. प्रत्यक्षात एस्टोनियात तीन प्रवाह होते. 'लोकआघाडी' सोव्हिएत चौकटीतूनच हळूहळू पुढे सरकू पाहत होती. 'वारसा संस्था' इतिहास आणि राष्ट्रीय खुणा जागवत होती. तिसरा पक्ष म्हणत होता, आम्ही सोव्हिएत संघाचा भागच नाही, मग सुधारणा कसल्या मागायच्या? तीनही गटांत वाद झडले. माहितीपटाने ते झाकले नाहीत, म्हणून तो विश्वासाचा वाटतो.

आणखी एक गोष्ट. फक्त गाण्यांनी देश सुटला, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. मॉस्कोत गोर्बाचेव्ह यांनी मोकळीक दिली होती. ऑगस्ट १९९१ मध्ये तिथे बंडाचा प्रयत्न झाला, त्या गोंधळातच २० ऑगस्टला एस्टोनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. गाण्याने काय साधलं? ती वेळ येईपर्यंत लोकांना एकत्र आणि निर्भय ठेवलं. हा फरक माहितीपटात दिसायला हवा. तसंच रशियन बोलणाऱ्या शेजाऱ्याला तेव्हा काय वाटत होतं, हेही विचारायला हवं. दोन-दोन भाषांच्या गावात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं सांगायची गरज नाही.

चेहरा दाखवायचा की लपवायचा?

एस्टोनियाचा माहितीपट विजयानंतर झाला. लोक मोकळेपणी, आपल्या नावाने बोलले. पण उठाव चालू असतानाच चित्रण करायचं असेल तर?

दुसरं उदाहरण त्याचंच. 'बर्मा व्हीजे' हा २००८ चा माहितीपट डेन्मार्कच्या अँडर्स ओस्टरगार्ड यांनी केला. २००७ मध्ये म्यानमारमध्ये इंधनाचे दर एकदम वाढले, लोक रस्त्यावर आले आणि सप्टेंबरमध्ये हजारो बौद्ध भिक्खू शांतपणे मोर्चे काढू लागले. परदेशी पत्रकारांना मोकळीक नव्हती. तेव्हा 'डेमोक्रॅटिक व्हॉइस ऑफ बर्मा' या संस्थेच्या तरुण बातमीदारांनी छोटे कॅमेरे पिशवीत लपवून चित्रण केलं आणि ते चोरून देशाबाहेर, नॉर्वेतल्या ऑस्लोपर्यंत पोहोचवलं. तिथून ते जगभर दिसलं. २७ सप्टेंबरला यांगूनमध्ये जपानी पत्रकार केन्जी नागाई यांना गोळी घालण्यात आली, ते दृश्यही कॅमेऱ्यात आलं होतं.

इथे दोन कठीण प्रश्न उभे राहतात. पहिला चेहऱ्यांचा. जे चित्रण जगाला सत्य दाखवतं, तेच पोलिसांच्या हाती पडलं तर माणसं ओळखायला उपयोगी पडतं. म्हणून यातला मुख्य बातमीदार 'जोशुआ' या टोपणनावानेच भेटतो. दुसरा प्रश्न खरेपणाचा. जोशुआ थायलंडमध्ये बसून फोनवर सहकाऱ्यांशी बोलत होता. त्या क्षणांचं चित्रण कुठून आणणार? काही प्रसंग संबंधित लोकांच्या मदतीने पुन्हा उभे केले आणि तसं माहितीपटाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं. तरी त्यावरून वाद झालाच. धडा सरळ आहे : पुन्हा उभं केलेलं दृश्य वापरा, पण प्रेक्षकाला अंधारात ठेवू नका. एक दृश्य खोटं निघालं, की विरोधकांना सगळाच उठाव खोटा ठरवायला सोपं जातं.

आपल्या ओसरीवरचा इतिहास

आता आपल्याकडे वळू. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. बेळगाव, सावंतवाडी, बांदा इथे त्यांचे तळ होते. पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या चालवल्या आणि वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. पंजाबचे कर्नैलसिंग होते, उज्जैनचे राजाभाऊ महाकाल होते. सागरच्या सहोद्राबाई राय गोळी लागून जखमी झाल्या. गोवा शेवटी डिसेंबर १९६१ मध्ये लष्करी कारवाईने मुक्त झाला, हे खरंच आहे आणि माहितीपटात ते सांगावंच लागेल. पण म्हणून रिकाम्या हातांनी हद्द ओलांडणाऱ्यांची गोष्ट लहान होत नाही.

तेव्हा विशीत असलेला माणूस आज नव्वदीच्या घरात आहे. नेत्यांची भाषणं छापून आली, फोटोही सापडतील. पण तळावर भाकऱ्या कुणी थापल्या, जखमींना कुणी उचलून आणलं, रात्री कोणती गाणी म्हटली गेली, हे कुठे लिहिलंय? ते फक्त माणसांच्या डोक्यात आहे.

त्यासाठी मोठा कॅमेरा लागत नाही. मोबाइल पुरतो, पण थोडी शिस्त हवी. आवाज स्वच्छ येईल अशी शांत खोली निवडा, पंखा बंद करा. सुरुवातीला नाव, गाव आणि तारीख बोलून घ्या. 'तुम्हाला काय वाटलं' असं मोघम विचारू नका. 'त्या सकाळी घरातून निघताना कोण दारात होतं, खिशात काय होतं, सोबत कोण होतं' असं विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर मध्ये बोलू नका, खरी आठवण बऱ्याचदा त्या गप्प बसण्यानंतर येते. गाणं आठवत असेल तर पूर्ण म्हणायला लावा, चाल मोडली तरी चालेल. चित्रण दाखवायची परवानगी लेखी घ्या. मूळ फाइल कापू नका आणि तिची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. आणि एकाच्या सांगण्यावर थांबू नका. हद्दीच्या पलीकडच्या माणसालाही गाठा.

एस्टोनियाचं नशीब चांगलं. उठावानंतर पंधरा वर्षांच्या आत कुणीतरी कॅमेरा घेऊन आलं, तेव्हा गाणारे अजून होते. आपल्याकडे सत्तरी उलटून चालली. येत्या रविवारी मावशी-काकांकडे जाणार असाल, तर मोबाइल चार्ज करून न्या.