कच्च्या पेशी पिकवणारे औषध

आपल्या हाडांतल्या मगजात रक्त तयार होते. एकाच मूळ पेशीपासून तांबड्या पेशी होतात नि पांढऱ्याही. कुणी काय व्हायचे, हे ठरवतो कोण? आता बघा, जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांची अख्खी पोथी असते. त्यातले कोणते पान केव्हा उघडायचे, हे काही प्रथिने ठरवतात.

एका जातीच्या रक्तकर्करोगात पांढऱ्या पेशी कच्च्याच राहतात आणि वाढत सुटतात. रोगी रक्तस्रावाने पाहता पाहता दगावत असे. शांघायच्या डॉक्टर वांग झेन-यी यांना वाटले, या पेशी मारायच्या कशाला? पिकवू या की! १९८५ साली त्यांनी पाच वर्षांच्या एका मुलीला 'अ' जीवनसत्त्वापासून होणारे एक आम्ल दिले. मुलगी बरी झाली. (बाजारातल्या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी मात्र हे काम होत नाही, बरं का!)

कारण कळले ते मागाहून, १९९० च्या सुमारास. १५ व्या नि १७ व्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन एक विचित्र जोडप्रथिन निपजते. ते पिकण्याची पानेच मिटून धरते. औषधाने ती पकड सुटते. काहींचा रोग उलटे. त्यावर पुढे सोमलाची जोड मिळाली. होय, तोच विषारी सोमल! आता वेळेवर उपचार झाले तर बहुतेक रोगी बरे होतात.